‘याऐवजी असे वाचावे’

नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके तयार करणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने आरएफसी ९१४१ या क्रमांकाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानके ज्यात छापली जातात त्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका.) त्यात कोणत्याही नव्या प्रोटोकॉलचे, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांचे, वर्णन नाही. आयईटीएफची जुनी एफटीपी सेवा (एफटीपी म्हणजे संगणकांमध्ये फायली पाठवण्याची एक जुनी पद्धत) बंद व्हायची होती आणि पूर्वी प्रसिद्ध झालेल्या वीसहून अधिक आरएफसींमध्ये त्या सेवेवरच्या फायलींचे पत्ते छापलेले होते. त्या पत्त्यांच्या जागी एचटीटीपीएसचे, म्हणजे नेहमीच्या वेबवरचे, पत्ते द्यायचे, एवढेच त्याचे काम. मांडणीही तितकीच सरळ आहे. अमुक आरएफसीचा अमुक विभाग, त्यातला जुना मजकूर, त्याखाली नवा मजकूर, आणि मग पुढची आरएफसी. हे वाचताना कोणालाही वाटेल की एवढ्यासाठी स्वतंत्र क्रमांकाचे, रीतसर परीक्षण होऊन मंजूर झालेले प्रकाशन कशाला हवे होते? मूळ फाइल उघडून पत्ता बदलला असता तर भागले नसते का?

प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक दस्तऐवजांतले संदर्भ तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. दुवा जुना झाला की तो बदलायचा, हे कारकुनी काम समजले जाते आणि नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या गळ्यात ते सहसा पडते. मला ते तसे वाटत नाही. मानकातला दुवा बदलणारा माणूस वाचकाला एक ग्वाही देत असतो: मूळ लेखकाला जे दाखवायचे होते, तेच या नव्या पत्त्यावर आहे. आणि ग्वाही द्यायची तर ती उघडपणे, तारखेसह, कोणाच्या तरी जबाबदारीवर दिली पाहिजे. आरएफसी ९१४१ मला महत्त्वाची वाटते ती त्यामुळेच.

त्यातली एकच नोंद जवळून पाहू. आरएफसी ४२५१ ही जानेवारी २००६ मधली, एसएसएच प्रोटोकॉलची रचना सांगणारी आरएफसी. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी जगभरचे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर रोज एसएसएच वापरतात. या आरएफसीच्या सुरक्षाविषयक भागात सीबीसी या एन्क्रिप्शन पद्धतीचा एक धोका सांगितला आहे. या पद्धतीत एका पॅकेटचा, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या तुकड्याचा, शेवटचा सांकेतिक ब्लॉक पुढच्या पॅकेटचे आरंभमूल्य म्हणून वापरला जाई. तो ब्लॉक वाटेत कोणालाही दिसत असल्यामुळे, स्वतःचा मजकूर त्या प्रवाहात घालू शकणाऱ्या हल्लेखोराला आधीच्या ब्लॉकमध्ये काय दडले असावे याचा आपला अंदाज पडताळून पाहता येतो. उपाय म्हणून, मधे एक निरुपयोगी पॅकेट पाठवावे असे ती आरएफसी सुचवते. हे सगळे कशावरून, असे विचारणाऱ्यासाठी संदर्भसूचीत वेई दाय यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये एसएसएचच्या कार्यगटाला पाठवलेल्या ईमेलची नोंद आहे, आणि त्या ईमेलचा पत्ता होता आयईटीएफच्या एफटीपी सर्व्हरवरच्या एका फाइलचा.

ही ईमेल कोणत्याही नियतकालिकात छापलेला शोधनिबंध नव्हे. त्या महिन्याचा सगळा पत्रव्यवहार साठवलेली एक साधी मजकूर-फाइल सर्व्हरवर होती, तीत हेही पत्र होते. छापील शोधनिबंधाचा दुवा मेला तर लेखकाचे नाव, अंक आणि पृष्ठक्रमांक यांवरून तो एखाद्या ग्रंथालयात मिळतो. अशा पत्राचा पत्ता गेला की मानकातले वाक्य शिल्लक राहते आणि त्यामागचा युक्तिवाद मात्र वाचकाच्या हाती लागत नाही. आज एसएसएचची अंमलबजावणी लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला हे निरुपयोगी पॅकेट कशासाठी, असा प्रश्न पडला, तर तिला मूळ पत्रापर्यंत पोहोचता आले पाहिजे. एरवी तिच्या लेखी तो केवळ वरून आलेला हुकूम ठरतो, आणि ज्या सूचनेचे कारण ठाऊक नाही ती सूचना पुढचा माणूस कधीतरी बिनदिक्कत गाळून टाकतो.

सर्व्हर चालू ठेवला असता तरी हा प्रश्न सुटला नसता. फायरफॉक्सने जुलै २०२१ मधल्या ९० व्या आवृत्तीत एफटीपी काढून टाकले आणि क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ९५ व्या आवृत्तीत. म्हणजे पत्ता बरोबर, फाइल जागेवर, आणि तरीही क्लिक करणाऱ्याला काहीच दिसणार नाही. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ म्हणून आला. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी; त्या वेळी ते एमआयटीत होते. पन्नास वर्षे चाललेली ही पद्धत ब्राउझरांनी बंद केली त्यामागे सुरक्षिततेची रास्त कारणे होती, कारण एफटीपीतून पासवर्डसुद्धा उघड्यावरून जातो. तरीही पन्नास वर्षांच्या लिखाणात पेरल्या गेलेल्या त्या पत्त्यांचे काय करायचे, हे कोणाला तरी बसून ठरवावेच लागणार होते.

मग मूळ फाइलच का बदलली नाही? आरएफसींची मालिका ७ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली आणि तिचा एक नियम तिच्या विश्वासार्हतेचा पाया आहे: एकदा प्रसिद्ध झालेली आरएफसी पुन्हा बदलली जात नाही. एखाद्या करारात, निविदेत किंवा उत्पादनाच्या माहितीपत्रकात ‘आरएफसी ४२५१ नुसार’ असे लिहिले असेल, तर ते लिहिणाऱ्याने वाचलेला मजकूर आणि वीस वर्षांनी तपासणाऱ्याच्या समोरचा मजकूर अक्षरशः एकच असतो. चुका नोंदवण्याची सोय आहे, पण ती प्रसिद्धीच्या वेळीच असलेल्या चुकांसाठी. १९९७ साली बरोबर असलेला आणि नंतर बंद पडलेला पत्ता ही त्या अर्थाने चूक नव्हेच. लेखकाने तेव्हा खरे तेच लिहिले होते. म्हणून जुन्या दस्तऐवजाला हात न लावता त्याच्या शेजारी नवा दस्तऐवज ठेवायचा आणि दोघांचे नाते जाहीरपणे नोंदवायचे, हा मार्ग उरतो.

महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. शासन निर्णयात काही बदलायचे असेल तर आधीचा निर्णय खोडून नवा चिकटवत नाहीत. शुद्धिपत्रक निघते, त्याला स्वतःचा क्रमांक आणि दिनांक असतो, आणि त्यात ‘अमुक परिच्छेदातील अमुक मजकुराऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे’ असे म्हटलेले असते. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांचा आग्रह असे की शुद्धिपत्रक मूळ निर्णयाच्या मागे टाचूनच फाइलमध्ये लावायचे, सुटे ठेवायचे नाही. त्या आग्रहात फार मोठे शहाणपण आहे, कारण आरएफसींच्या पद्धतीतली उणीव नेमकी तिथेच आहे.

ती उणीव मी मान्य करते. १९९७ च्या आरएफसी २०७७ ची साधी मजकूर-फाइल आजही जशीच्या तशी आहे, आणि तिच्यात आरएफसी ९१४१ चा उल्लेख असणे शक्यच नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरच्या माहितीपानावर ‘९१४१ ने अद्ययावत’ अशी नोंद दिसते, पण ज्याने ती फाइल कधीकाळी आपल्या संगणकावर उतरवून घेतली, किंवा जो तिसऱ्याच ठिकाणची प्रत वाचतो, त्याला दुरुस्तीचा पत्ताच लागत नाही. मजकूर न बदलण्याची ही किंमत आहे, आणि मला ती परवडणारी वाटते, कारण मजकूर गुपचूप बदलत राहिला तर वाचकाला कोणत्याच प्रतीवर भरवसा ठेवता येणार नाही.

वेबची मानके सांभाळणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने दुसरा मार्ग धरला आहे. तिच्या कार्यपद्धतीत बदलांचे वर्ग पाडलेले आहेत आणि तुटलेले दुवे दुरुस्त करणे हे पहिल्या, म्हणजे मजकुराला धक्का न लावणाऱ्या वर्गात येते. त्याच नियमांनुसार प्रत्येक शिफारशीला (डब्ल्यूथ्रीसी आपल्या मानकांना हेच नाव देते) दोन पत्ते असतात: एक दिनांक असलेला, जिथे ती विशिष्ट आवृत्ती कायम राहते, आणि दुसरा बिनतारखेचा, जो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. माहितीला टॅग लावून ती लिहिण्याच्या एक्सएमएल या भाषेची पहिली शिफारस १० फेब्रुवारी १९९८ ची. तिचा दिनांकित पत्ता आजही उघडतो. ही व्यवस्था वाचकाच्या अधिक सोयीची आहे यात शंका नाही. मात्र दुवा बदलणे म्हणजे मजकूर बदलणे नव्हे, हे तिचे गृहीतक मला पूर्णपणे पटलेले नाही.

न पटण्याचे एक कारण असे की मानकात पत्त्यासारखा दिसणारा प्रत्येक अक्षरसमूह पत्ताच असतो असे नाही. एक्सएमएलमध्ये नेमस्पेस नावाची सोय आहे. एखादा टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला आहे हे ओळखण्यासाठी त्याला एक नाव देतात आणि ते नाव वेब पत्त्याच्या रूपात लिहितात. एक्सएचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या नेमस्पेसमध्ये १९९९ हे वर्ष आहे, एसव्हीजी या चित्रांच्या भाषेच्या नेमस्पेसमध्ये २०००, आणि दोन्हींची सुरुवात साध्या एचटीटीपीने होते. ब्राउझर तिथे जाऊन काही आणत नाही. तो ते नाव अक्षराला अक्षर लावून ताडून पाहतो. एखाद्या उत्साही संपादकाने सगळे एचटीटीपी शोधून एकजात एचटीटीपीएस केले आणि त्यात एसव्हीजीच्या नेमस्पेसमध्ये एक ‘एस’ वाढला, तर त्या उदाहरणाप्रमाणे लिहिलेली फाइल ब्राउझरमध्ये चित्र म्हणून उघडणारच नाही. दुवा दुरुस्त झाला असे वाटेल आणि मानकातले उदाहरण मात्र चुकीचे होऊन बसेल. (याच्या उलट गोंधळही झालेला आहे. नुसत्या ओळखीसाठी दिलेले पत्ते अनेक प्रोग्राम दरवेळी खरोखरच उघडत राहिले, आणि एचटीएमएलचे व्याकरण सांगणाऱ्या डीटीडी फायलींसाठी आपल्या सर्व्हरवर दिवसाला तेरा कोटींपर्यंत विनंत्या येतात, असे डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये जाहीर केले होते.) म्हणून दुव्यांची एकगठ्ठा अदलाबदल करणारी साधने माझ्या हाताशी असली तरी, प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी ती चालवत नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. दुवा उघडतो की नाही, हे यंत्र सांगू शकते. सर्व्हरने २०० हा संकेत पाठवला की यंत्राच्या दृष्टीने सगळे ठीक असते. पण त्या पत्त्यावर आज जे आहे ते लेखकाला अभिप्रेत होते तेच आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या विक्रीवर निर्बंध घालणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याबाबत निकाल दिला. त्यातल्या एका सहमतीच्या मतपत्रात एका संकेतस्थळाचा संदर्भ होता. पुढे त्या डोमेनची नोंदणी संपली, दुसऱ्याच कोणी ते नाव विकत घेतले, आणि संदर्भ शोधत येणाऱ्याला वेबवरचे दुवे किती अल्पायुषी असतात हे सुनावणारा मजकूर तिथे लावून ठेवला. यंत्राच्या तपासणीत तो दुवा उत्तम चालू असल्याचेच दिसले असते. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या न्यायालयाच्या निकालांमधले जवळपास निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नसल्याचे आढळले; त्यांनी कसोटी लावली होती ती दुवा चालतो का ही नव्हे, तर मूळ मजकूर तिथे आहे का ही. माझ्या मते तीच कसोटी खरी आहे, आणि तिला वेळ लागतो.

बरे, दरवेळी जुनाच मजकूर हवा असतो असेही नाही. इंटरनेटवरच्या पोर्ट क्रमांकांसारख्या नेमून दिलेल्या आकड्यांची यादी पूर्वी आरएफसी म्हणून छापली जाई. त्या मालिकेतली शेवटची आरएफसी १७००, ऑक्टोबर १९९४ ची. यादी छापून होईपर्यंत जुनी होते हे उघड होते, म्हणून जानेवारी २००२ मध्ये आरएफसी ३२३२ ने जाहीर केले की यापुढे ही यादी, असे आकडे नेमून देणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या ऑनलाइन कोशात पाहावी. इथे वाचकाला १९९४ ची यादी दाखवणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होईल. त्याला आजचीच यादी हवी. याउलट वेई दाय यांच्या ईमेलच्या जागी त्याच विषयावरचा अधिक चांगला, अलीकडचा निबंध देणे, कितीही मोह झाला तरी, योग्य ठरणार नाही, कारण त्या वाक्याला आधार त्या पत्राचा होता. कोणता संदर्भ काळात गोठलेला आणि कोणता वाहता, हे वाक्य वाचून ठरवावे लागते. या निवडीचा अर्धा भार मूळ लेखकाने लिहितानाच उचलला तर पुढच्यांचे काम पुष्कळ सोपे होते, पण तसे करणारे लेखक मला क्वचितच भेटले आहेत.

या साऱ्याचा मराठीशी संबंध काय, असे वाटू शकेल. तो अगदी जवळचा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द संगणकावर वेगळे राहतात, कारण ‘दऱ्या’ मधला अर्धा र साठवताना ‘र’ ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ आणि त्याला हलन्त अशी जोडी वापरली जाते. ही जोडी कशी ठरली, असे युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतली अक्षरे संगणकावर साठवण्याच्या, मानकात शोधले तर देवनागरीच्या प्रकरणात उत्तर मिळते की ही योजना इस्की या भारतीय मानकाला अनुसरून आहे आणि र चे हे रूप मराठी व नेवारी लेखनात नेहमी वापरले जाते. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीच मुळी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली. पुढे भारतीय मानक ब्युरोने इस्की आयएस १३१९४:१९९१ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. म्हणजे आपण रोज टंकित करतो त्या एका अक्षररूपाच्या मागचा धागा युनिकोडमधून इस्कीपर्यंत जातो, आणि तो दस्तऐवज हाती आला तरच पडताळता येतो.

हा दस्तऐवज आणि भारतीय भाषांसाठीचे इतर सरकारी तांत्रिक साहित्य ज्या डोमेनांवर वर्षानुवर्षे ठेवले गेले, त्यांची नावे खात्याच्या नावावर बेतलेली होती. माहिती तंत्रज्ञान मंत्रालय असताना एमआयटी डॉट गव्ह डॉट इन, २०१२ मध्ये खात्याचे नाव बदलल्यावर डीइआयटीवाय, आणि जुलै २०१६ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाल्यावर एमइआयटीवाय. मानक ब्युरोचे संकेतस्थळही डॉट ओआरजी डॉट इन वरून डॉट गव्ह डॉट इन वर आले. खात्यांची पुनर्रचना होतच राहणार, त्याला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. पण पाटी बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट करून देणे सर्व्हरवरच्या काही ओळींचे काम असते, आणि ते राहून गेले की पुस्तकांत, प्रबंधांत आणि इतर देशांच्या मानकांत छापलेले पत्ते एकाच दिवशी निकामी होतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सुचवले होते की जे पुढे बदलणार आहे ते पत्त्यात घालूच नये. खात्याचे नाव हे त्याचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

याबाबतीत आपल्या शासन निर्णयांची रीत मला खरोखरच आवडते. निर्णयाच्या शेवटी तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगताना त्याचा संकेतांकही दिलेला असतो, आणि सुरुवातीच्या ‘वाचा’ या भागात आधीच्या निर्णयांचा उल्लेख विभाग, क्रमांक आणि दिनांक देऊन केलेला असतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी त्या खुणांवरून कागद शोधता येतो. आरएफसींना २०१५ पासून डीओआय क्रमांक, म्हणजे पत्ता बदलला तरी कायम राहणारी ओळख, मिळू लागले तेही याच हेतूने. मी स्वतः संदर्भ लिहिताना प्रकाशक, मानकाचा क्रमांक, वर्ष आणि कलम हे आधी लिहिते, दुवा त्यानंतर, आणि दुव्यापुढे तो पाहिल्याची तारीख. शक्य असेल तिथे त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या संग्रहालयात जमा करून तिचाही पत्ता देते.

भारतीय मानकांना क्रमांकित दुरुस्तीपत्रके निघतात, आणि प्रत्येक मानकाचा निदान पाच वर्षांतून एकदा आढावा घेऊन ते कायम ठेवायचे, सुधारायचे की मागे घ्यायचे हे ठरवले जाते. कायम ठेवण्याचा निर्णय होतो तेव्हा मजकुराला हात लागत नाही आणि संदर्भातले पत्ते तसेच पुढच्या पाच वर्षांत जातात. याच आढाव्याच्या वेळी समितीतल्या एका सदस्याकडे दुव्यांची तपासणी सोपवावी, आणि जे बदलले असतील त्यांचे जुना मजकूर व नवा मजकूर असे एक छोटे दुरुस्तीपत्रक, क्रमांक आणि दिनांक घालून, मानकाबरोबरच उतरवून घेता येईल असे ठेवावे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. दुरुस्तीपत्रकाचा नमुना आहे, क्रमांक देण्याची पद्धत आहे, आढाव्याचे वेळापत्रकही आहे. संगणकीय आणि भाषाविषयक मानकांपासून सुरुवात केली तर, वेबवरचे संदर्भ तिथेच सर्वांत जास्त असल्यामुळे, पहिल्याच फेरीत बरेचसे काम उरकेल.